नेलपॉलिशचे ठिपके

विमलबाईंना फसवणं सोपं नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. दूधवाला पाणी घालतो, गिरणीवाला आपले गहू दुसऱ्याच्या डब्यात ओततो, टेलर ब्लाउजपिसातलं वीतभर कापड मारतो, हे त्यांना पुराव्याशिवायही ठाऊक होतं. आणि रिपेअरवाला, मग तो मिक्सरचा असो की पंख्याचा, आतला ओरिजिनल माल काढून घेऊन डुप्लिकेट घालतो, यात तर त्यांना शंकाच नव्हती. त्यामुळे दिघ्यातल्या त्यांच्या घरातून कुठलीही वस्तू दुरुस्तीला निघाली की तिला आधी लाल नेलपॉलिशचे ठिपके लागत. मोटरीला एक, झाकणाला एक, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक. बाईंनी जन्मात कधी नखं रंगवली नव्हती, पण बाटली घरात कायम. वस्तू परत आली की चष्मा लावून ठिपके तपासायचे. आजवर एकही ठिपका हरवला नव्हता. याचा अर्थ लोक प्रामाणिक आहेत असा त्या काढत नसत. लोक ठिपक्यांना घाबरतात असा काढत.

तर यंदा जयंतीच्या आधी ठिपके लागायची पाळी भागुरामांच्या बासवर आली.

भागुराम म्हणजे विमलबाईंचे यजमान. जाऊन दोन वर्षं झाली. आयुष्यभर बाजूच्या केमिकल कंपनीत नोकरी केली, आणि आयुष्यभर वस्तीतल्या पंचशील गायन पार्टीत बास गिटार वाजवला. साध्या गिटारपेक्षा लांब मानेचा, चार जाड तारांचा, गाण्याच्या खालून घुमणारा खर्ज देणारा तो बास. जपानी बनावटीचा. दुबईला निघालेल्या एका बँडवाल्याकडून भागुरामांनी घेतला तेव्हाच तो जुना होता, आता तर पन्नाशीच्या घरात आलेला. दर भीमजयंतीला भागुराम तो गळ्यात अडकवून स्टेजवर उभे राहत, आणि विमलबाई पहिल्या रांगेत शेजारच्या गोजराबाईंसोबत बसत. "आवाज शंभरात ओळखीन मी यांचा," असं त्या दरवर्षी म्हणत, आणि गोजराबाई दरवर्षी मान हलवत.

मग भागुरामांना झटका आला. डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, डाव्या हातानं चमचा धरला तरी खूप समजा, गिटार विसरा. पण पुढच्याच जयंतीला भागुराम उभे राहिले. तारांवर बोटांची पकड राहावी म्हणून विमलबाईंनी स्वतः त्यांच्या बोटांना कापडी चिकटपट्टी गुंडाळून दिली, आणि त्या हातानं त्यांनी सगळा कार्यक्रम वाजवला. त्या वर्षी आणि मरेपर्यंत दर वर्षी. विमलबाईंनी ही गोष्ट, ते उभे राहायच्या आधीपासूनच, अख्ख्या दिघ्याला सांगितली. भाजीवाल्याला सांगितली, दवाखान्यात त्याच डॉक्टरला तोंडावर सांगितली. "हात गेला म्हणत होता ना तुमी? या बघायला." सबंध आयुष्यात त्यांना एवढा अभिमान दुसऱ्या कशाचा वाटला नव्हता.

आता त्यांची लेक संघप्रिया बापाच्या जागी उभी राहणार होती. ऐरोलीच्या एका ऑफिसात नोकरी करून, संध्याकाळी एका स्वस्तातल्या नव्या बासवर तिनं हात बसवला होता. पण जयंतीला वाजवायचा तो बाबांचाच, असा तिचा हट्ट. दोन वर्षं माळ्यावर पडून त्याच्या तारा गंजल्या होत्या, मान वाकली होती. विमलबाईंचीही इच्छा एवढीच होती की त्या दिवशी भागुरामांचाच आवाज लेकीच्या हातून यावा. तेवढ्यासाठी त्या बास घराबाहेर जाऊ द्यायला तयार झाल्या.

त्यात भाचा रोहन येऊन बोलून गेला. "मामी, सांभाळून हां. आतले पिकअप ओरिजिनल हायेत ना, म्हणजे तो तारेखालचा चुंबकाचा तुकडा, आवाज तोच पकडतो. अशे जुने तुकडे लोक शोधत फिरतात."

झालं. त्या दिवशी बासला एवढे ठिपके लागले की संघप्रिया म्हणाली, "आई, कांजण्या आल्यासारखा दिसतोय."

"दिसू दे," विमलबाई म्हणाल्या.

दुरुस्तीवाला पनवेलजवळच्या करंजाड्याला होता. मिथुन त्याचं नाव, उरणकडचा आगरी पोरगा, तिशी ओलांडलेला. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याचा गाळा. उरणकडची शेती सरकारनं घेतली त्या बदल्यात त्याच्या आज्याला इथं जमीन मिळाली, तिच्यावर बिल्डरनं इमारत बांधली, वरचे फ्लॅट भावांच्या वाट्याला आले आणि हा गाळा त्याच्या. संघप्रियानं हे कौतुकानं सांगितलं, पण विमलबाईंच्या डोक्यात भलताच हिशोब सुरू झाला. जो गाळा भाड्यानं देऊन आरामात खाऊ शकतो तो माणूस दुसऱ्याच्या गिटारी कशाला खोलत बसेल? नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार.

मिथुननं बास डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी मान न्याहाळली. "लय वाकलीय. वाजवनारे तारा ताणून वरच्या सुरात लावायचे काय?"

"बाबा गाणारीच्या पट्टीला लावायचे," संघप्रिया म्हणाली.

"तरीच. मानेच्या आत एक सळई असते, ती आवळून सरळ करतो. तारा जिथं टेकतात तो खालचा ब्रिज गंजून गेलाय, तो नवा टाकू. चाव्या बदलू. तुमचा हात लहान हाय, तारा थोड्या बारीक टाकतो न खाली आनतो, म्हंजे दाबायला जोर नाय लागनार. आतली वायरिंग पन बघतो एकदा."

"आतली कशाला?" विमलबाई म्हणाल्या.

"मावशी, आत बघितल्याशिवाय कसा कळल?"

"बाहेरचं काय ते कर. आणि जुनं जे निघेल ते पिशवीत घालून परत द्यायचं. गंजकं असलं तरी."

"देनार. मी काय करू त्याचा?"

"सगळे असंच म्हणतात," विमलबाई म्हणाल्या, आणि संघप्रिया दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

पुढच्या शनिवारी मायलेकी बघायला गेल्या तेव्हा बास टेबलावर पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीचं झाकण उघडं होतं. विमलबाईंनी आधी ठिपके तपासले. सगळे जागच्या जागी. तरी त्यांचं समाधान होईना, कारण त्या झाकणाच्या आत हात घालून ठिपका लावायचं त्यांना सुचलंच नव्हतं. बाहेर एवढा बंदोबस्त आणि आतला दरवाजा सताड उघडा. स्वतःचाच राग आला त्यांना.

मिथुन कपाळ खाजवत म्हणाला, "एक इचारू? ह्यो शेवटचा कवा वाजवलेला?"

"बाबा गेले त्याच्या आधीच्या जयंतीला," संघप्रिया म्हणाली.

"डब्ब्याला लावून? म्हंजे स्पीकरला?"

"मग काय नुसताच? हजार माणसं होती समोर."

मिथुननं झाकणाच्या आत बोट दाखवलं. "नाय वाजला असनार. पिकअपपासून बाहेर जानारी मेन वायर हाय ना, ती कापलेली हाय. तुटलेली नाय, कापलेली. आवाज बाहेर यायचा रस्ताच नाय."

विमलबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तो खाली आला की घरातले पळत सुटत. "हे बघ बाबा. मी स्वतः पहिल्या रांगेत होते. माझ्या कानानं ऐकलंय. अख्ख्या दिघ्यानं ऐकलंय. तुझ्याकडे देईपर्यंत तो वाजत होता. आता तू म्हणतोस वायर कापलेली. कापली कोणी? आणि कापून आतलं काय काढलंस?"

"आई," संघप्रिया म्हणाली.

"तू गप. लाज बाळगत बसतेस आणि लोक घर धुवून नेतात."

मिथुननं बॅटरी उचलून पुढे केली. "मावशी, बॅटरी घ्या न बघा. कापलेल्या टोकावर धूळ बसलीय, काळी पडलीय. ही एका आठवड्याची धूळ नाय. मी हात पन नाय लावला, तुमाला दाखवायचा होता म्हनून."

"धुळीचं मला काही सांगू नको. कोणी ऐकलेला माणूस आणला तर चालेल?"

"आना. कोनाला पन आना."

"किसन भावजींना आणते," विमलबाई म्हणाल्या. "त्यांच्या शेजारी उभे राहून वाजवायचे हे. तेच सांगतील तुला."

किसन म्हणजे पार्टीचा कीबोर्डवाला. भागुरामांहून चार-पाच वर्षांनी लहान, त्यांना दादा म्हणणारा, आणि स्टेजवर वीस-पंचवीस वर्षं त्यांच्या डाव्या अंगाला उभा राहिलेला. विमलबाईंना वाटलं होतं, ऐकल्यावर तो तिथल्या तिथे चप्पल पायात घालून निघेल. पण किसन म्हणाला, "जाऊ द्या ना वहिनी. जोडून घ्या वायर आणि विषय संपवा. पोराला कशाला टेन्शन देता?"

"म्हणजे? चोरी झाली तर विषय संपवू?"

"चोरी नसेल झाली."

"तुमाला काय माहीत?"

किसन गुडघा चोळायला लागला. करंजाडं लांब आहे म्हणाला, चढायला उतरायला त्रास होतो म्हणाला. मग विमलबाईंच्या मनात जी पाल चुकचुकली ती गप्प बसेना. हा माणूस गुडघा चोळतोय, डोळ्याला डोळा देत नाही. मिथुनचं नाव संघप्रियाला कोणी सुचवलं होतं? किसनकाकांनी. म्हणजे हा सामील. दोघांनी मिळून जुना तुकडा काढला असणार. दादा दादा म्हणत घरात जेवलेला माणूस. विमलबाईंना रात्रभर झोप आली नाही, आणि सकाळी त्या किसनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "चला. नाही आलात तर मी समजेन काय समजायचं ते."

किसन आला. पनवेलच्या बसमध्ये तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता आणि विमलबाई सगळा वेळ त्याच्याकडे. संघप्रिया ऑफिसला गेली होती, ते बरंच झालं. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा होता.

मिथुननं स्टूल पुढे केलं, बास पालथा ठेवला आणि बॅटरी विमलबाईंच्याच हातात दिली. गेल्या खेपेला त्यांनी आत धड पाहिलंच नव्हतं. रागात त्यांना फक्त पिकअप दिसत होता. आज चष्मा पुसून त्या वाकल्या. आत दोन-चार वायरी, गंजकी बटणं, कोपऱ्यात कोळिष्टक. आणि एका काळ्या वायरीचं टोक, मोकळं, कशाला चिकटू नये म्हणून बाजूला वळवून पट्टीनं बांधलेलं.

"ही पट्टी कुठली?" त्यांनी विचारलं.

"तेच तर," मिथुन म्हणाला. "वायरमन असली पट्टी नाय लावत. ही दवाखान्याची हाय."

कापडी होती. कातडीच्या रंगाची. एक कड सरळ आणि दुसरी वेडीवाकडी, धागे सुटलेली, कारण ती कात्रीनं कापलेली नव्हती, दातानं तोडलेली होती. विमलबाई बघत राहिल्या. डावा हात गेल्यावर भागुराम सगळं असंच तोडायचे. बिस्किटाचा पुडा, औषधाची पट्टी, दोऱ्याचं टोक. एका हातात धरायचे आणि दातानं ओढायचे. "लहान पोरासारखं काय, माझ्याकडे द्या ना," असं त्या म्हणायच्या आणि ते ऐकायचे नाहीत.

बॅटरी त्यांनी टेबलावर ठेवली. किसनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"बोला," विमलबाई म्हणाल्या.

"काय बोलू वहिनी. झटक्यानंतर पयल्या प्रॅक्टिसला दादा आले. बोटं भलतीकडेच पडायची. दोन गाणी बेसूर गेली. कोणी काही बोललं नाही, पण त्यांना कळलं. पुढच्या वेळी आले, डब्ब्याला पिन लावली, वाजवायला लागले, आणि मला नुसत्या तारांची टकटक ऐकू आली. बासचा आवाजच नाही. मी बघितलं त्यांच्याकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही."

"मग मी काय ऐकलं?"

किसननं आपला डावा हात उलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्याचा होता. "कीबोर्डवर खालच्या पट्ट्यांत बासचा आवाज लावता येतो. उजव्या हातानं गाणं, डाव्या हातानं बास. ज्या पार्टीला बासवाला परवडत नाही ते तसंच करतात. मीपण तसंच केलं. साउंडवाल्याला सांगितलं, तू तोंड उघडू नको. दादांशी मी कधी काही बोललो नाही, तेपण नाही बोलले. फक्त त्या वर्षीच्या जयंतीला स्टेजवरून उतरताना माझा हा हात धरून चालले, खाली गाडीपर्यंत."

मिथुन हळूच म्हणाला, "आवाजाचा बटन बारीक केला असता तरी झाला असता ना. वायर कशाला कापायची?"

"बटणावर हात गेला असता रे," किसन म्हणाला. "कोणाचाही. त्यांचा स्वतःचाच गेला असता एखाद्या गाण्याला."

विमलबाईंना राग आला. खूप राग आला. गेलेल्या माणसाचा आला, त्याच्यावर काढता येत नव्हता म्हणून समोरच्याचा आला. "सगळ्यांना माहीत आणि मला नाही? मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्यांना? नाही वाजवत हात, तर नाही वाजवत. घरी बसले असते, मी चहा करून दिला असता."

"वहिनी, तुमी डॉक्टरला सांगून आला होता," किसन म्हणाला. "ते अजून एकदा पण उभे राहिले नव्हते, तेव्हाच. गोजराबाईंना, भाजीवाल्याला. दादा मला म्हणाले होते, विमल सगळ्यांना सांगत सुटलीय, आता उभं राहायलाच पायजे."

 विमलबाई स्टुलावर बसून राहिल्या. दूधवाल्यावर, गिरणीवाल्यावर, टेलरवर, या पोरावर, काल रात्री तर किसनवरसुद्धा त्यांनी संशय घेतला होता. जगात एकाच माणसाला त्यांनी कधी ठिपका लावला नव्हता. आणि तो माणूस दर जयंतीला त्यांच्यासमोर, पहिल्या रांगेसमोर, मुका बास गळ्यात अडकवून तासन्‌तास बोटं हलवत उभा राहिला होता. त्यांना एकदम आठवलं, तो त्या वेळी नेहमी त्यांच्याकडेच बघत असायचा. त्यांना वाटायचं प्रेमानं बघतोय. तो बघत होता हिला कळलं तर नाही ना. मग त्यांना वाटलं, दोन्ही असेल. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"जोडू का मावशी?" शेवटी मिथुननं विचारलं.

"जोड."

त्यानं पट्टी हळूच सोडवली आणि विमलबाईंच्या हातावर ठेवली, कारण जुनं जे निघेल ते परत द्यायचं ठरलं होतं. वायरीला कथलाचा डाग दिला, बास सरळ केला, पिन लावली आणि सगळ्यात जाड तार छेडली. आवाज दुकानाच्या फरशीतून विमलबाईंच्या तळपायापर्यंत आला.

"हाच का?" त्यांनी किसनला विचारलं. शंभरात ओळखणाऱ्या बाईंनी.

"हाच. झटक्याच्या आधीचा."

निघताना त्या मिथुनसमोर थांबल्या. "तुझ्यावर आळ घेतला मी. चुकलं माझं."

"टेन्शन नाय मावशी. दुकानात रोज कोन ना कोन घेतोच."

"स्क्रू मात्र सगळे परत लाव," विमलबाई म्हणाल्या. "खालचा एक दिसत नाहीये."

तो टेबलाखाली सापडला.

बसमध्ये त्यांनी किसनला दोन गोष्टी बजावल्या. संघप्रियाला यातलं अक्षर कळता कामा नये. आणि ती वाजवत असताना किसनचा डावा हात त्यांना कीबोर्डवर दिसता कामा नये. "काही झालं तरी."

"पोरगी अडकली तर?"

"अडकू दे. तिची तिला सुटू दे."

जयंतीला मैदान भरलं होतं. विमलबाई पहिल्या रांगेत, शेजारी गोजराबाई. संघप्रिया पांढऱ्या साडीत, गळ्यात बापाचा बास, त्यावर अजून लाल ठिपके तसेच, कारण तिनं ते पुसू दिले नव्हते. तिच्या शेजारी किसन, उजवा हात कीबोर्डवर, डावा कोटाच्या खिशात. पहिलं गाणं नीट गेलं. गोजराबाई संघप्रियाकडे बघत होत्या. विमलबाई खिशाकडे.

दुसऱ्या गाण्याच्या मधल्या कडव्यात संघप्रिया चुकली. एक बोट भलतीकडे पडलं, ती बावरली, आणि गाण्याच्या खालची जमीनच निघून गेली. ढोलकी चालू होती, गाणारी गात होती, पण खाली काही नव्हतं. संघप्रियाचा चेहरा पांढरा पडला. किसनचा डावा हात खिशातून बाहेर आला. तो पट्ट्यांच्या वर येऊन थांबला, आणि त्यानं विमलबाईंकडे पाहिलं.

ठेवा हात पट्ट्यांवर, असं म्हणावं असं विमलबाईंना वाटलं. अगदी मनापासून वाटलं. लेक हजार माणसांसमोर उभी होती, आणि एक मान हलवली की कोणाला काही कळणार नव्हतं. विमलबाईंनी मान हलवली, पण नाही म्हणून.

हात खिशात गेला. संघप्रियानं खाली बघून बोट सरकवलं, एक ठोका सोडला, आणि पुढच्या ठोक्याला बास आला. आधी थोडा भीत, मग भरून. विमलबाईंना तो पायांखाली कळला, दुकानात कळला होता तसा.

गोजराबाईंनी त्यांचा हात दाबला. "अगदी भागुरामभाऊंसारखं वाजवते गं. डोळे मिटले तर वाटतं तेच उभे आहेत."

कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय विमलबाई हो म्हणत नसत. पण त्या दिवशी त्या किसनच्या खिशाकडे बघत म्हणाल्या, "हो, अगदी तसंच."